लोहचुंबकाचा खलपुरुष

जपानी दूरचित्रवाणीवरील अतिमानवी वीरांच्या मालिका आपल्याकडील सुशिक्षित मंडळी पोरखेळ म्हणून बाजूस सारतात. रबरी सोंगें, पुठ्ठ्याचीं शहरें आणि दर आठवड्यास एक नवा राक्षस, एवढेंच त्यांत आहे असा समज. परंतु त्या राक्षसांत लोहचुंबकाच्या बळावर लढणारा जो एक प्रकार आढळतो, त्याचा मागोवा घेतां घेतां आम्हांस एका देशाचा इतिहासच दिसूं लागला.

लोहचुंबक हा जपानी लोकांस केवळ शाळेंतील टाचण्यांचा खेळ नव्हे. १९१७ सालीं होंडा कोतारो यांनीं के. एस. पोलाद शोधून काढलें, तेव्हां त्याच्या तोडीचा कायम चुंबक जगांत नव्हता. १९३१ सालीं मिशिमा तोकुशिची यांच्या एम. के. पोलादानें त्यासहि मागें टाकलें. आणि १९८२ सालीं सागावा मासातो यांनीं सिद्ध केलेला निओडिमियमचा चुंबक आज विजेच्या मोटारगाड्या चालवीत आहे. अशा देशांतील कथाकारांस खलपुरुषाच्या हातीं चुंबक द्यावासा वाटला, यांत नवल तें काय?

१९६६ सालच्या ‘अल्ट्रामॅन’ मालिकेंत अँटलर नांवाचा कीटकासारखा राक्षस वाळवंटांतून वर येतो आणि चुंबकीय किरणांनीं विमानें खालीं खेंचतो. शास्त्रदृष्ट्या हें अशक्यच. अंतर वाढतांच चुंबकाचा जोर झपाट्यानें ओसरतो, आणि विमानाचें ॲल्युमिनियम त्यास जुमानीतहि नाहीं. पण भय खरें आहे. तलवारीचा घाव बाहेरून बसतो. चुंबक मात्र लोखंडास त्याच्या स्वतःच्या स्वभावानेंच ओढून नेतो. आपल्या पूर्वजांनीं त्यास ‘अयस्कांत’, म्हणजे लोखंडाचा प्रियकर, म्हटलें तें उगीच नव्हे.

हें भय यंत्रमानवाच्या कथेंत पूर्णत्वास गेलें. कारेल चापेक यांचें ‘आर. यू. आर.’ हें नाटक १९२४ सालीं तोकियोच्या त्सुकिजी रंगभूमीवर ‘जिंझो निंगेन’, म्हणजे कृत्रिम मनुष्य, या नांवानें झालें. तोच शब्द १९७२ सालीं इशिनोमोरी शोतारो यांच्या ‘जिंझो निंगेन किकाइडर’ या मालिकेच्या शिरावर आला. तिचा नायक जिरो हा यंत्रमानव अर्धा तांबडा, अर्धा निळा. आम्हांस तर प्रयोगशाळेंतील चुंबकाच्या कांडीचीच आठवण झाली. त्याच्या अंगांत सदसद्विवेकाचें एक विद्युन्मंडल आहे, पण तें अपुरें राहिलेलें. प्राध्यापक गिल याची बांसरी वाजली कीं इतर यंत्रें लोहकिसासारखीं निमूटपणें ओळीनें वळतात. जिरो मात्र मध्येंच तडफडतो.

इशिनोमोरी यांचा जन्म १९३८ चा; त्यांचें बालपण युद्धांत गेलें. ज्या मुलांनीं ही मालिका पाहिली, त्यांच्या घरांतील वडीलधाऱ्यांपैकीं कित्येकांनीं अशीच एक बांसरी ऐकली होती. कर्त्यांनीं हें योजून केलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण तो सूर आम्हांस त्यांत ऐकूं येतो. विशेष हें कीं, जिरोस पुष्कळदां विवेक सोडवीत नाहीं. बाहेरचा गोंगाट बांसरीस बुडवितो, म्हणून तो सुटतो.

छापील चित्रकथेचा शेवट याहून कठोर आहे. तेथें गिल जिरोच्या अंगांत आज्ञापालनाचें मंडल बसवितो. विवेक आणि आज्ञा यांचा झगडा आंत सुरू होतांच तो यंत्र उरत नाहीं, मनुष्यासारखा होतो. आणि गिलबरोबर आपल्या भावंडांसहि स्वतःच्या हातानें नष्ट करतो.