मुलांना घरीच दारूची चव द्यावी का? कायदा आणि संशोधन काय सांगतं

"बाहेर मित्रांबरोबर चोरून पिण्यापेक्षा घरी आमच्यासमोर घोटभर घेतली तर काय बिघडलं?" मुलं वयात आली की अनेक घरांत हा प्रश्न येतो. थर्टी फर्स्ट असो, लग्न असो की मटणाचं जेवण, कधी कधी काका-मामाच ग्लास पुढे करतात. हेतू वाईट नसतो. पण हा हिशोब बरोबर आहे का?

कायदा काय सांगतो?

बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार १८ वर्षांखालील मुलाला दारू देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घर असो की बार, कायदा तोच. आई-वडिलांनाही सूट नाही. अपवाद फक्त पात्र डॉक्टरांच्या सल्ल्याचा. त्यामुळे सर्दी झाली म्हणून आपल्या मनाने बाळाला ब्रँडी चाटवणं त्यात बसत नाही.

१८ पूर्ण झाल्यावरही लगेच मोकळीक मिळत नाही. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी २१, तर व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे.

पालकांवर खरंच गुन्हा दाखल होतो का? हो. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलाच्या पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअरांचा जीव गेला. पोलिसांनी मुलाच्या वडिलांवर बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ आणि ७७ खाली गुन्हा नोंदवला.

सोलापूरचा अनुभव

याच कायद्याचं कलम ७८ मुलांकडून दारूची ने-आण किंवा विक्री करून घेण्याबद्दल आहे. शिक्षा तेवढीच. म्हणजे "जा, क्वार्टर घेऊन ये" हेही अंगाशी येऊ शकतं.

सोलापूर जिल्ह्यात या मुद्द्याला हातभट्टीची बाजू आहे. शहराजवळचा मुळेगाव तांडा त्यासाठी ओळखला जायचा. २०२१ मध्ये तत्कालीन ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. नुसत्या धाडी टाकून न थांबता हातभट्टीवर पोट असलेल्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळावा, यावर त्यात भर होता. ज्या घरात दारू हाच धंदा असतो, तिथल्या मुलांना ती रोजचीच गोष्ट वाटू लागते. त्यामुळे घरातलं वातावरण बदलणं महत्त्वाचं ठरतं.

संशोधन काय म्हणतं?

ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलं आणि त्यांच्या पालकांचा सहा वर्षं अभ्यास झाला. तो २०१८ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला. पालकांनी दारू दिल्याने मुलांचं रक्षण होतं, असा पुरावा त्यात मिळाला नाही. उलट ज्यांना फक्त पालकांकडून दारू मिळत होती, त्यांनी पुढच्या वर्षी ती बाहेरूनही मिळवण्याची शक्यता जवळपास दुप्पट दिसली. अशा अभ्यासातून थेट कारण सिद्ध होत नाही. पण 'घरी दिली की बाहेर जाणार नाही' या समजाला त्याने आधार दिला नाही.

परदेशात चालतं, हेही अर्धसत्य आहे. इंग्लंडमध्ये पाच वर्षांवरील मुलाला घरी दारू देणं गुन्हा नाही. तरीही तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २००९ मध्ये किमान १५ वर्षांपर्यंत दारू नकोच, असा सल्ला दिला. मेंदूची वाढ विशीनंतरही सुरू असते. लहान मुलांमध्ये तर थोड्या दारूनेही रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.

मग पालकांनी काय करावं?

- चव देण्याऐवजी बोला. मित्रांनी आग्रह केला तर नाही कसं म्हणायचं, हे आधीच ठरवा.
- घरातली बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.
- पाहुण्यांनी ग्लास पुढे केला तर मुलासमोरच स्पष्ट नकार द्या.
- मुलाने कधी प्यायली असेल तर मारझोड नको. अडकलास तर फोन कर, आधी घरी आणू आणि मग बोलू, हा भरवसा द्या.
- व्यसनाची शंका असल्यास १४४४६ या नशामुक्ती हेल्पलाइनवर, तर मुलांच्या मदतीसाठी १०९८ वर फोन करा.

मुलं सल्ल्यापेक्षा घरातलं वागणं जास्त उचलतात. त्यामुळे 'आमच्यासमोर घे' म्हणण्याआधी आपण त्यांच्यासमोर किती घेतो, हेही पाहायला हवं.