गुळवेल : ओळख व सुरक्षितता

(सं. गुडूची, अमृता, हिं. गिलोय, लॅ. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, कुल–मेनिस्पर्मेसी). हृदयाकृती पानांची बहुवर्षायू वेल. औषधात मुख्यतः खोड वापरतात : काढा, चूर्ण किंवा कुटलेल्या खोडाच्या पाण्यातला तळाचा साका वाळवून केलेले सत्त्व. कडुनिंबावर चढलेली वेल वैद्य अधिक गुणाची मानतात.

आढळ : भारतात बहुतेक ठिकाणी, हातकणंगले (जि. कोल्हापूर) परिसरात बांध-कुंपणांवर.

ओळख : तपासणी इथून सुरू व्हायला हवी. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या टि. सायनेन्सिस या जातीची पाने लवदार, तर टि. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. ओल्या वेलीत हा फरक नजरेला कळतो. वस्त्रगाळ चूर्णाला मात्र नाव विचारता येत नाही; तिथे सूक्ष्मदर्शक, वर्णलेखन किंवा डीएनए-चाचणी लागते.

रुग्णालयीन अभ्यास : मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात औषधशास्त्रज्ञ शरदिनी डहाणूकर व निर्मला रेगे आणि शल्यविशारद रवी बापट यांनी अवरोधी काविळीच्या रुग्णांवर गुळवेल तपासली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३० रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांना दररोज किलो वजनामागे १६ मिग्रॅ. गुळवेलीची जोड मिळालेल्या गटात शस्त्रक्रियेनंतर ९२.४ टक्के रुग्ण वाचले, दुसऱ्या गटात ४० टक्के. रुग्णसंख्या लहान, पण औषध, मात्रा व तुलनागट निश्चित असलेला हा अभ्यास महत्त्वाचा होय.

नियम : आयुर्वेदिक औषधांच्या परवान्यासाठीच्या, २०१० पासूनच्या नियम १५८-ब नुसार ग्रंथोक्त पाठांसाठी सुरक्षिततेचा नवा अभ्यास लागत नाही. जड धातूंच्या मर्यादा दशलक्ष भागांत : शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३.

यकृतविकारांचा वाद : करोनाकाळात काढा घरोघरी गेला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असून टि. क्रिस्पासारख्या जाती अपायकारक ठरू शकतात, असे म्हटले. त्याच वर्षीच्या १३ केंद्रांच्या अभ्यासात गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले ४३ रुग्ण होते; सेवन सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवस होता. अनेकांना यकृताचा जुना विकार आधीपासूनच होता.