परग्रही पालक आणि कामठीची छावणी

परग्रहावरील पालक मानवजातीला उत्क्रांतीच्या पुढील पायरीवर नेतात, ही कल्पना आर्थर क्लार्क यांनी ‘चाइल्डहूड्स एंड’ (१९५३) या कादंबरीत ठळकपणे मांडली. डार्विनप्रणीत उत्क्रांतीला पालक नसतो. तो साम्राज्यांच्या इतिहासात आढळतो.

१८१६ च्या तैनाती तहाने इंग्रजी फौज नागपूरकर भोसल्यांच्या संरक्षणार्थ आली. सीताबर्डीच्या लढाईनंतर (१८१७) अल्पवयीन तिसरे रघूजी गादीवर बसले. १८२६ पर्यंत त्यांच्या नावे रेसिडेंट जेन्किन्स यांनीच कारभार पाहिला. १८२१ मध्ये कन्हानकाठी कामठीची छावणी वसली. राजे वयात आले, तरी छावणी हलली नाही. १८५३ मध्ये ते निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले.

क्लार्क यांचे ‘ओव्हरलॉर्ड’ युद्धे थांबवितात. राष्ट्रांचे सार्वभौमत्वही त्याबरोबर संपते. परंतु अखेरीस मानवाची मुले पालकांपुढे जातात आणि उत्क्रांतीस असमर्थ असलेले पालक मागे उरतात. नागपूरच्या पाल्यास असा शेवट लाभला नाही. पाल्य सज्ञान झाला की नाही, याचा निर्णय दोन्हीकडे पालकच करतो. म्हणून अशा कथांतील ‘प्रगती’ कोणाच्या मापाने मोजली आहे, हे अभ्यासकाने प्रथम पाहणे अगत्याचे ठरते.