मुख्याध्यापक किंवा शिक्षणाधिकारी व्हायचे असेल, तर कोणती पदवी घ्यावी?

शाळेत दहा-बारा वर्षे शिकवून झाली की अनेक शिक्षकांच्या मनात एक प्रश्न येतो. पुढे मुख्याध्यापक व्हायचे असेल, तर आता काय शिकावे? एम.एड. करावे, शालेय व्यवस्थापनाची पदविका घ्यावी, की शिक्षणशास्त्रात एम.ए. करावे? सहकारी वेगवेगळे सल्ले देतात, जाहिराती तर त्याहून वेगळे सांगतात. त्यात दोन वर्षे आणि बराच पैसा खर्च होतो. नंतर कळते, की घेतलेल्या पदवीचा आपल्या शाळेतल्या पदाशी थेट संबंधच नव्हता.

म्हणून सुरुवात पदवीपासून करू नये, पदापासून करावी. महाराष्ट्रात शाळेचे प्रमुखपद मिळण्याचे मार्ग एकापेक्षा जास्त आहेत आणि प्रत्येक मार्गाचे नियम वेगळे आहेत. एका ठिकाणी निर्णायक ठरणारी पदवी दुसऱ्या ठिकाणी फक्त सेवापुस्तिकेतली एक नोंद ठरते.

खासगी अनुदानित शाळा : पदवीपेक्षा सेवाज्येष्ठता मोठी

राज्य मंडळाच्या बहुसंख्य माध्यमिक शाळा शिक्षणसंस्था चालवतात. तिथल्या नेमणुकांना ‘महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977’ आणि त्याखालील 1981 ची नियमावली लागू होते. शिक्षक याला थोडक्यात ‘एम.ई.पी.एस. कायदा’ म्हणतात.

या नियमावलीतील नियम 3 नुसार माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकासाठी किमान पात्रता अशी आहे :

- मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी आणि बी.एड. किंवा शासनमान्य समकक्ष अर्हता
- पदवीनंतर पूर्णवेळ अध्यापनाचा किमान 5 वर्षांचा अनुभव
- त्यापैकी किमान 2 वर्षांचा अनुभव बी.एड. झाल्यानंतरचा

या यादीत एम.एड. नाही आणि व्यवस्थापनाची पदविकाही नाही. ही पात्रता पूर्ण करणाऱ्यांपैकी जो सर्वांत सेवाज्येष्ठ आहे आणि ज्याचे सेवेचे अभिलेख समाधानकारक आहेत, त्याचीच नेमणूक संस्थेने करायची असते. संस्थेच्या एकाहून अधिक शाळा असतील, तर ज्येष्ठता त्या सर्व शाळांतील शिक्षकांमधून पाहिली जाते.

ज्येष्ठता कशी ठरवायची, हे नियमावलीच्या ‘अनुसूची फ’मध्ये दिले आहे. शिक्षकांचे अर्हतेनुसार प्रवर्ग केले आहेत आणि प्रत्येक प्रवर्गात कोण कधी आला, यावरून क्रम लागतो. येथे लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी, की बी.ए. बी.एड. आणि एम.ए. बी.एड. हे दोन्ही ‘क’ प्रवर्गातच येतात. पदव्युत्तर पदवी घेतली म्हणून कोणी वरच्या पायरीवर जात नाही.

समजा, एका शाळेत एक शिक्षिका बी.ए. बी.एड. असून 2004 पासून कायम सेवेत आहेत. दुसरे शिक्षक एम.ए. एम.एड. असून 2009 मध्ये रुजू झाले. मुख्याध्यापकपद रिकामे झाले आणि शिक्षिकेचे अभिलेख समाधानकारक असतील, तर पदावर हक्क त्यांचा आहे. दुसऱ्यांच्या जास्तीच्या दोन पदव्यांमुळे त्यात फरक पडत नाही.

डी.एड. करून रुजू झालेल्या आणि पुढे पदवी व बी.एड. घेतलेल्या शिक्षकांच्या बाबतीत ‘क’ प्रवर्गातला प्रवेश कोणत्या तारखेपासून धरायचा, यावर अनेक वाद न्यायालयापर्यंत गेले आहेत. अशा शिक्षकाने नवी पदवी घेण्याआधी आपले सध्याचे ज्येष्ठता यादीतले स्थान तपासणे जास्त महत्त्वाचे असते.

ही यादी तयार करून ती कर्मचाऱ्यांना देणे आणि मिळाल्याबद्दल त्यांच्या सह्या घेणे हे नियम 12 नुसार संस्थेचे काम आहे. यादीवर आक्षेप घेता येतो. वाद मिटला नाही तर तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. ज्येष्ठ शिक्षकाला डावलून पदोन्नती दिली गेली, तर कायद्याच्या कलम 9 नुसार शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. त्यासाठी मुदत 30 दिवसांची असते. यादी वर्षानुवर्षे न वाचता सही करणाऱ्यांना हे सगळे फार उशिरा कळते.

अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र प्रमुखाच्या निवडीपुरती या कायद्यातून सूट आहे. तिथे संस्था पात्र उमेदवारांमधून आपल्या पसंतीने मुख्याध्यापक निवडू शकते. अशा ठिकाणी जास्तीची अर्हता निवडीच्या वेळी विचारात घेतली जाऊ शकते.

केंद्रीय मंडळाच्या शाळा आणि केंद्रीय विद्यालये : इथे पदव्युत्तर पदवी लागते

सी.बी.एस.ई.शी संलग्न शाळेत प्राचार्य व्हायचे असेल, तर चित्र बदलते. तिथे पदव्युत्तर पदवी, बी.एड. आणि अध्यापनाचा अनुभव या तिन्ही गोष्टी पाहिल्या जातात. केंद्रीय विद्यालय संघटनेच्या प्राचार्यपदासाठी किमान 50 टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. आवश्यक असते. त्याशिवाय ठरावीक पदांवरील अनुभव आणि निवडप्रक्रिया असते.

या मार्गाने जाणाऱ्या पदवीधर शिक्षकाने आधी आपल्या विषयातली एम.ए. किंवा एम.एस्सी. पूर्ण करावी. पदव्युत्तर विषय शिक्षक म्हणून मिळणारा अनुभवही त्यावरच अवलंबून असतो. टक्केवारीकडेही लक्ष हवे. 48 टक्क्यांची एम.ए. पदवी अर्जाच्या पहिल्याच टप्प्यावर अडवू शकते.

शिक्षण विभागातील प्रशासकीय पदे

शाळेबाहेरची प्रशासकीय उतरंड केंद्रप्रमुखापासून सुरू होते. त्यावर शिक्षण विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, उपशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी अशी पदे आहेत. काही जागा पदोन्नतीने, काही सेवेतील शिक्षकांसाठीच्या मर्यादित विभागीय परीक्षेने आणि काही सरळसेवेने भरल्या जातात. राजपत्रित पदांची निवड महाराष्ट्र लोकसेवा आयोगाकडून होते.

या पदांचे सेवाप्रवेश नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून पाच वर्षांपूर्वी सहकाऱ्याला चाललेली अर्हता आज चालेल असे धरून चालू नये. ताजी जाहिरात आणि त्या पदाचे लागू असलेले सेवाप्रवेश नियम वाचावेत. त्यातली वयोमर्यादा आणि अनुभव कोणत्या संवर्गातला हवा, या दोन ओळी बहुतेकांकडून वाचायच्या राहून जातात.

कोणता अभ्यासक्रम कशासाठी?

एम.एड. : राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एन.सी.टी.ई.) 2014 च्या नियमांनुसार हा दोन वर्षांचा, चार सत्रांचा अभ्यासक्रम आहे. प्रवेशासाठी बी.एड. किंवा समकक्ष अर्हतेत किमान 50 टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत मिळते. महाराष्ट्रात त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा असते. अभ्यासक्रमात शिक्षणाचे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, संशोधन, प्रबंध आणि क्षेत्रकार्य येते. शैक्षणिक प्रशासन आणि नियोजन हा विशेष अभ्यासाचा विषय म्हणून घेता येतो. बी.एड. महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचे असेल, तर ही पदवी गरजेची आहे. मात्र तात्त्विक विषय आणि प्रात्यक्षिकांसाठी 80 टक्के उपस्थिती लागते. त्यामुळे नोकरी सांभाळून ती करणे अवघड जाते. संस्थेची लेखी परवानगी आणि रजेचा प्रश्न आधी सोडवावा. एक वर्षाच्या एम.एड.चा प्रस्ताव असलेला नव्या नियमांचा मसुदा परिषदेने 2025 मध्ये मांडला होता. म्हणून प्रवेश घेताना त्या वर्षीचा लागू नियम पाहावा.

एम.ए. (शिक्षणशास्त्र) : ही शिक्षण या विषयातली शैक्षणिक पदवी आहे, अध्यापक प्रशिक्षणाची नाही. दूरशिक्षणाने ती करता येते, म्हणून नोकरदारांना सोयीची पडते. पण ती बी.एड.ची जागा घेत नाही. बी.एड. नसलेल्या व्यक्तीने फक्त ही पदवी घेतली, तर माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकपदासाठी ती पात्र ठरत नाही.

शालेय व्यवस्थापन पदविका (डी.एस.एम.) : नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा हा अभ्यासक्रम राज्यातल्या शिक्षकांना चांगला परिचित आहे. ‘डी.एस.एम. असेल तरच मुख्याध्यापक होता येते’ असे शिक्षकांच्या खोलीत ऐकायला मिळते. वर दिलेल्या नियम 3 मध्ये अशी अट नाही. शाळेचे नियोजन, कर्मचारी, कार्यालय आणि हिशेब यांची ओळख मराठीतून करून घेण्यासाठी मात्र ही पदविका उपयोगी आहे.

शैक्षणिक व्यवस्थापन आणि प्रशासनाची पदव्युत्तर पदविका : इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा (इग्नू) हा अभ्यासक्रम किमान एका वर्षात पूर्ण करता येतो. शाळेपलीकडची शिक्षणव्यवस्था समजून घ्यायची असेल, त्यांच्यासाठी तो योग्य आहे.

सेवांतर्गत प्रशिक्षण : दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन आणि प्रशासन संस्थेत (नीपा) 2012 मध्ये राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्र सुरू झाले. त्याचा शालेय नेतृत्वावरचा ऑनलाइन अभ्यासक्रमही आहे. राज्यात छत्रपती संभाजीनगर येथील ‘मिपा’ ही संस्था मुख्याध्यापक आणि अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये मुख्याध्यापकांनीही दरवर्षी किमान 50 तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा आहे.

परदेशी विद्यापीठांच्या ‘एज्युकेशनल लीडरशिप’ पदव्यांच्या जाहिरातीही आता मराठी शिक्षकांपर्यंत पोहोचतात. अशी पदवी इथल्या नोकरीसाठी वापरायची असेल, तर तिची भारतातली समकक्षता शुल्क भरण्याआधीच तपासावी.

मग जास्तीची पदवी कशाला?

पद ज्येष्ठतेने मिळते, पण काम ज्येष्ठतेने येत नाही. वीस वर्षे गणित उत्तम शिकवलेल्या शिक्षकाच्या हाती एका दिवसात कार्यालयाच्या किल्ल्या येतात. त्यानंतर संचमान्यता, शालार्थ प्रणालीतील पगारबिले, यू-डायसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, सेवापुस्तिका आणि वेतनेतर अनुदानाचा हिशेब हे सारे त्याच्या सहीने होते. विद्यार्थिसंख्येचा आकडा चुकला तर संचमान्यतेत एखाद्या सहकाऱ्याचे पद जाऊ शकते. मुलांच्या लैंगिक छळाची बाब कानावर आली आणि कळवली नाही, तर ‘पॉक्सो’ कायदा, 2012 नुसार तो गुन्हा ठरतो.

याशिवाय माणसे सांभाळायची असतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. ही समिती कागदावर बसवायची की तिला खरोखर बोलते करायचे, हे मुख्याध्यापकावर ठरते. कालपर्यंत शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याचा पाठ पाहून त्याला त्रुटी सांगणे हेही शिकावेच लागते.

म्हणून अनुदानित शाळेत ज्यांचा क्रम दोन-तीन वर्षांत येणार आहे, त्यांना लांबलचक पदवीपेक्षा वर्षभराची व्यवस्थापन पदविका आणि सध्याच्या मुख्याध्यापकांच्या शेजारी बसून केलेले कार्यालयीन काम जास्त उपयोगी पडते. ज्यांच्या हाती अजून पंधरा वर्षे आहेत, त्यांनी एम.एड. किंवा विषयातली पदव्युत्तर पदवी घेतली तर इतर मार्गही मोकळे राहतात.

प्रवेश घेण्यापूर्वी तपासा

- मला नेमके कोणते पद हवे आहे आणि त्याचे नियम कोणते?
- ज्येष्ठता यादीत माझा क्रम कितवा आहे आणि त्यातल्या नोंदी बरोबर आहेत का?
- एम.एड. असेल तर महाविद्यालयाला एन.सी.टी.ई.ची मान्यता आहे का?
- दूरशिक्षण असेल तर त्या वर्षासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का?
- संस्थेची लेखी परवानगी मिळाली आहे का आणि पदवी मिळाल्यावर सेवापुस्तिकेत नोंद होईल का?

या पाचही प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळाली, की पुढचा निर्णय सोपा होतो. शुल्काची पावती फाडायची ती त्यानंतरच.