गोळीचें टोंक आणि गोळीचें बूड

नेम चुकला कीं दोष कोणाचा, हा वाद बंदुकीइतकाच जुना आहे. नेमबाज वाऱ्याला बोल लावतो, पाहणारे नेमबाजाच्या हाताला. आणि बिचारी गोळी कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. ह्या वादाचा निवाडा करण्याचें काम अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांतल्या मिलफर्ड गांवीं एका गृहस्थानें अंगावर घेतलें. डॉ. फ्रँकलिन वेस्टन मान (१८५६-१९१६) हें त्यांचें नांव. शिक्षणानें ते डॉक्टर. पण कोंबड्यांच्या खाद्यासाठीं हाडें कापण्याचीं यंत्रें बनवून त्यांनीं पैसा मिळविला, आणि तो पैसा व आयुष्याचीं कित्येक वर्षें एकाच प्रश्नापायीं वेंचलीं. नळी तीच, दारूचें माप तेंच. मग दोन गोळ्या एकाच ठिकाणीं कां लागत नाहींत?

प्रथम त्यांनीं माणसाचा हातच वगळला. काँक्रीटचा भक्कम चौथरा बांधून त्यावर नळी ठेवण्याची सोय केली. त्याला ते ‘जिब्राल्टर’ म्हणत. वाटेंत पातळ कागदांचे पडदे उभे केले, म्हणजे गोळी सरळ गेली कीं तिरपी, हें प्रत्येक भोंकावरून कळे.

लोकांचा समज असा कीं, टोंक हवा कापतें. तेव्हां टोंकाला पोचा आला कीं गोळी भरकटणारच. मान यांनीं शिशाच्या गोळ्यांचीं टोंकें मुद्दाम विद्रूप केलीं. नेमांत फारसा फरक पडला नाहीं! मग त्यांनीं बुडाची एक कड किंचित् तासली, आणि त्या गोळ्या लक्ष्यापासून दूर जाऊन पडल्या.

ह्याचें कारण नळीच्या तोंडाशीं आहे. रायफलच्या नळींत पिळदार खांचा असतात; त्यांमुळें गोळी भोंवऱ्यासारखी फिरते. पहिल्या महायुद्धांतील ली-एनफील्ड रायफलची गोळी सेकंदाला सुमारें २९०० फेरे घेई. एवढ्या वेगानें फिरतांना टोंकावरील व्यंगाची बाजू क्षणोक्षणीं बदलते, आणि हवेचा एका बाजूचा धक्का दुसऱ्या बाजूच्या धक्क्यानें बहुतांशीं फिटतो. बुडाचें तसें नाहीं. नळींतून शेवटीं सुटतें तें बूड. त्याची एक कड झिजलेली असली तर दारूचा वायु तेथूनच आधीं निसटतो, आणि ऐन सुटकेच्या क्षणीं गोळीला तिरपा झटका बसतो. आंतून एका अंगाला जड असलेल्या गोळीची गतहि अशीच. नळी तिला बळेंच सरळ धरते. तोंडाशीं बंधन सुटतांच ती गोफणींतल्या धोंड्याप्रमाणें बाजूला फेंकली जाते.

हे सारे प्रयोग, फसलेल्यांसुद्धां, मान यांनीं १९०९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. त्यांतून टोंकाला पूर्ण माफी मिळाली असें मात्र नव्हे. लांब पल्ल्यावर बोथट टोंकाला हवेचा विरोध अधिक होतो व गोळी खालीं उतरते.

तरीहि कारागिरांनीं बुडाचें महत्त्व ओळखलें. सैनिकी गोळीचें तांब्यासारख्या धातूचें कवच सामान्यतः टोंकाकडे अखंड व बुडाकडे उघडें असतें. आजच्या स्पर्धांतील गोळीचें कवच बहुधा उलट घडवितात: बूड अखंड आणि टोंकाला बारीकसें छिद्र. अनोळखी माणूस तें छिद्र पाहून गोळी सदोष समजेल. नेमबाज मात्र ती उलटी करून आधीं बूड पाहतो.