टायर पुनःस्तरण

झिजून गुळगुळीत झालेल्या टायरच्या शाबूत सांगाड्यावर रबराचा नवा थर चढवून तो पुन्हा वापरण्यायोग्य करण्याची प्रक्रिया. व्यवहारात तिला रिट्रेडिंग किंवा रिमोल्डिंग म्हणतात. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव झिजली वा सैल झाली, की लोहार चाक तेच ठेवून धाव नव्याने बसवीत असे. त्याच काटकसरीचे हे रबरी रूप होय. मात्र लाकडी चाकातील दोष डोळ्यांना दिसतो, टायरचा सांगाडा रबराखाली झाकलेला असतो. पुनःस्तरित टायराविषयीचा अविश्वास मुख्यतः या फरकातून उद्‌भवला.

चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधलेली व्हल्कनीकरणाची क्रिया हा या तंत्राचा पाया आहे. गंधकासह तापविल्याने कच्चे रबर टिकाऊ बनते आणि त्याच क्रियेने नवा थर जुन्या रबराशी एकजीव करता येतो. जॉन बॉइड डनलप यांचा हवेचा टायर १८८८ मध्ये आला. तथापि प्रारंभीच्या टायरांतील सुती कापड इतके कमकुवत असे, की पुष्कळदा पृष्ठभागाआधी सांगाडाच निकामी होई. सांगाडे सुधारल्यावरच पुनःस्तरण फायद्याचे ठरले.

दुसऱ्या महायुद्धात या क्रियेला राष्ट्रीय महत्त्व आले. १९४२ च्या प्रारंभी जपानने मलाया, सिंगापूर व डच ईस्ट इंडीज जिंकले आणि अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा सुमारे ९० टक्के पुरवठा तुटला. जानेवारी १९४२ पासून तेथे टायरांचे रेशनिंग सुरू झाले. लवकरच पुनःस्तरित टायरही त्याखाली आले. खाजगी मोटारीमागे पाचच टायर बाळगता येत व त्यांची ठराविक काळाने तपासणी करून घ्यावी लागे. वेगमर्यादा ताशी ३५ मैल करण्यात आली. १ डिसेंबर १९४२ पासून देशभर लागू झालेल्या पेट्रोल रेशनिंगचा मुख्य हेतूही, वरवर विचित्र वाटले तरी, रबर वाचविणे हाच होता. हवेचा दाब योग्य ठेवणे, चाके आलटूनपालटून लावणे, अचानक ब्रेक न लावणे, या गोष्टी नागरिकांचे कर्तव्य ठरल्या. सामान्य मोटारींच्या पुनःस्तरणासाठी बव्हंशी भंगारातून परत मिळविलेले रबर वापरले जाई. ते लवकर झिजे. तरीही त्यावर लाखो गाड्या चालल्या. संश्लिष्ट रबराचे उत्पादन वाढल्यावरच टंचाई ओसरली.

जुन्या पद्धतीत कच्च्या रबराचा पट्टा लावलेला टायर साच्यात सु. १५०° से. तापमानास तापवीत. जर्मनीतील बेर्नहार्ट नोव्हाक यांच्या पद्धतीत नक्षीसह आधीच पक्का केलेला पट्टा सु. १००° से. तापमानास चिकटविला जातो. त्यामुळे सांगाड्याला उष्णतेचा त्रास कमी होतो. तिचे अमेरिकेतील हक्क रॉय कार्व्हर यांनी १९५७ मध्ये घेतले व ती ‘बँडॅग’ या नावाने पसरली.

भारतात १९४६ मध्ये खेळण्यांतील फुगे बनविण्यासाठी निघालेल्या मद्रास रबर फॅक्टरीने १९५२ मध्ये पुनःस्तरणाच्या रबराचे उत्पादन हाती घेतले. टायर तिने नंतर बनविले. महाराष्ट्रात राज्य परिवहन महामंडळाने आपल्या बसगाड्यांसाठी पुनःस्तरणाचे स्वतःचे कारखाने उभारले. स्वस्त नव्या टायरांमुळे लहान मोटारींत ही पद्धत मागे पडली. मालमोटारी, बस व विमाने यांत मात्र ती टिकून आहे. विमानाच्या एकाच सांगाड्यावर अनेकदा नवा थर चढविला जातो. प्रत्येक वेळी आधी सांगाड्याची कसून तपासणी करतात व तडा, फुगवटा किंवा धाग्यांची तूट आढळल्यास टायर बाद ठरवितात.