राष्ट्रपतिपदाची निवडणूक : यवतमाळच्या सात मतांचे मोल

यवतमाळ, प्रतिनिधी - राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत सामान्य मतदार प्रत्यक्ष मतदान करीत नाही. राज्यघटनेच्या ५४ व्या कलमानुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांचे तसेच विधानसभांचे निर्वाचित सदस्यच मत देतात. विधान परिषदेच्या सदस्यांना व नामनियुक्त सदस्यांना हा अधिकार नाही. त्यामुळे यवतमाळच्या नागरिकांचा कौल आमदार व खासदारांच्या मतांतूनच व्यक्त होतो.

अमेरिकेतही अशी पद्धत होती. १९ व्या शतकात तेथील बहुतेक राज्यांनी अध्यक्षीय निर्वाचक निवडण्याचा अधिकार क्रमाक्रमाने जनतेला दिला. दक्षिण कॅरोलिना राज्यात मात्र १८६० पर्यंत विधिमंडळच निर्वाचक निवडत असे.

भारतात आमदाराच्या मताचे मूल्य राज्यागणिक बदलते. राज्याच्या लोकसंख्येला निर्वाचित आमदारांच्या संख्येने भागून आलेल्या आकड्यास पुन्हा एक हजाराने भागले जाते. १९७१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती. २८८ आमदारांच्या हिशेबाने प्रत्येक मताचे मूल्य १७५ आणि राज्याचे एकूण मूल्य ५० हजार ४०० होते. उत्तर प्रदेशात हेच मूल्य प्रत्येकी २०८, तर सिक्कीममध्ये अवघे ७ आहे.

वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद व उमरखेड हे जिल्ह्यातील सात मतदारसंघ होत. त्यांच्या मतांचे एकत्रित मूल्य १ हजार २२५ भरते. २००८ च्या पुनर्रचनेपूर्वी आठ मतदारसंघ होते, तेव्हा ते १ हजार ४०० होते. दारव्हा मतदारसंघ संपुष्टात आल्याने जिल्ह्याचे वजन तेवढे घटले. २०२२ च्या निवडणुकीत एका खासदाराच्या मताचे मूल्य ७०० होते. म्हणजे जिल्ह्यातील सातही आमदार मिळून दोन खासदारांची बरोबरी करू शकत नाहीत.

मतदान गुप्त व पसंतीक्रमाने होते आणि त्यास पक्षादेश लागू नसतो. २००७ मध्ये याचा प्रत्यय आला. अमरावतीच्या माजी खासदार प्रतिभाताई पाटील यांना शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून पाठिंबा दिला, तर तिचा मित्रपक्ष भाजप भैरोसिंह शेखावत यांच्या पाठीशी होता. प्रतिभाताईंना ६ लाख ३८ हजार ११६, तर शेखावत यांना ३ लाख ३१ हजार ३०६ मूल्याची मते मिळाली.

लोकसंख्या नियंत्रणात ठेवणाऱ्या राज्यांवर अन्याय होऊ नये, म्हणून १९७१ चे आकडे गोठविण्यात आले. ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. केवळ तुलनेसाठी २०११ ची लोकसंख्या धरल्यास महाराष्ट्राच्या मताचे मूल्य ३९०, उत्तर प्रदेशाचे ४९६ आणि केरळचे २३९ होईल. म्हणजे केरळच्या तुलनेत महाराष्ट्राचे वजन वाढेल, उत्तर प्रदेशाच्या तुलनेत मात्र घटेल. यवतमाळच्या सात मतांचे मोलही याच हिशेबाने ठरणार आहे.